स्मिता पाटील आणि वेंगुर्ल्याचा मुलूख

स्मिता पाटील यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार दोनदा मिळाला, पहिला १९७७ सालच्या ‘भूमिका’साठी आणि दुसरा रवींद्र धर्मराज यांच्या ‘चक्र’साठी, ही माहिती चित्रपटांच्या कोणत्याही कोशात सापडते. या दोन्ही भूमिकांच्या मुळाशी असलेले लेखन महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाच्या एका चिंचोळ्या पट्ट्यातील माणसांचे आहे, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ‘भूमिका’चा आधार म्हणजे सावंतवाडीच्या साळगावकर घराण्यातील हंसा वाडकर यांचे आत्मकथन, तर ‘चक्र’ ही वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचे जयवंत दळवी यांची कादंबरी. या दोहोंच्या मध्ये, १९७८ मध्ये आलेल्या श्याम बेनेगल यांच्या ‘कोंडुरा’तही स्मिता पाटील होत्या आणि तो चित्रपट चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबरीवर बेतलेला होता. खानोलकरांचा जन्म वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राई येथला. सावंतवाडी आणि आरवली ही दोन्ही ठिकाणे वेंगुर्ल्यापासून फार तर तीस किलोमीटरच्या आत आहेत. पुण्यात जन्मलेल्या आणि वडिलांकडून खानदेशाशी नाते असलेल्या या अभिनेत्रीच्या कारकिर्दीचा निम्मा कणा अशा रीतीने तिच्या घराण्याचा संबंध नसलेल्या एका मुलखाने पुरवला. तो मुलूख कसा होता आणि तिथल्या स्त्रिया पडद्यावर येताना त्यांचे काय झाले, हे पाहिल्यावर तिच्या अभिनयाचा अर्थ अधिक उलगडतो.

वेंगुर्ले हे सावंतवाडी संस्थानाचे बंदर होते. सतराव्या शतकात डचांनी तिथे वखार, म्हणजे मालाची कोठी व व्यापाराचे ठाणे, उभारली आणि १८१२ मध्ये हे बंदर संस्थानाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे आगबोटी सुरू झाल्या, तेव्हा या किनाऱ्यावरून माल जसा मुंबईला जाऊ लागला तशी माणसेही जाऊ लागली. नोकरीसाठी मुंबईत राहणारा आणि गणपतीला किंवा शिमग्याला गावी येणारा तो ‘चाकरमानी’. त्याच्या मनीऑर्डरीवर मागे राहिलेले घर चालत असे आणि ते घर प्रत्यक्षात चालवीत असत त्या घरच्या बायका. दक्षिण कोकणातील लेखकांच्या साहित्यात एकट्या, वाट पाहणाऱ्या, मोठ्या वाड्याच्या माजघरात आयुष्य काढणाऱ्या स्त्रिया इतक्या संख्येने का येतात, याचे एक कारण या व्यवस्थेत आहे.

स्त्रियांचे हे जग रंगमंचावर मात्र स्त्रियांनी उभे केले नव्हते. जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात पहाटेपर्यंत चालणारा दशावतार हा या भागाचा मुख्य नाट्यप्रकार. त्याला लिखित संहिता नसते, संवाद नट ऐन वेळी रचतात, साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज असते आणि द्रौपदीपासून तारामतीपर्यंतच्या सगळ्या स्त्रीभूमिका पुरुषच करतात. पार्सेकर, मोचेमाडकर, खानोलकर अशा वेंगुर्ले तालुक्यातील मंडळ्यांनी ही परंपरा आजही सांभाळली आहे आणि या मंडळ्यांतील काही पुरुषांचे स्त्रीपार्ट असे असतात की त्यांना हसण्याचे धाडस कोणी करणार नाही. स्त्रीला लोकांसमोर गाण्याची व नाचण्याची मुभा होती ती केवळ कलावंत घराण्यात जन्मलेल्या स्त्रीला. कलावंत किंवा कलावंतीण म्हणजे गायन-नर्तन हा वंशपरंपरेने व्यवसाय असलेल्या, देवळाशी किंवा आश्रयदात्याशी बांधल्या गेलेल्या समाजातील स्त्री. तिच्या कलेला मान होता, तिला मात्र लग्नाचा हक्क सहसा नव्हता. गोवा, सावंतवाडी आणि कारवार या सलग पट्ट्यातील अशा घराण्यांनी हिंदुस्थानी संगीताला आणि सुरुवातीच्या बोलपटाला किती स्त्रिया दिल्या याचा हिशेब अजून कोणी नीट मांडलेला नाही.

रतन भालचंद्र साळगावकर ही अशाच एका घरातली मुलगी. तिचा जन्म २४ जानेवारी १९२३ रोजी मुंबईत झाला, पण बालपणाचा काही काळ आणि थोडेबहुत शिक्षण सावंतवाडीचे. घरची परिस्थिती ओढगस्तीची झाल्यावर कोवळ्या वयातच तिला चित्रपटात काम करावे लागले आणि मामा वरेरकर यांच्या ‘विजयाची लग्ने’ या १९३६ च्या चित्रपटातून ती पडद्यावर आली, तेव्हा ती जेमतेम तेरा वर्षांची होती. पडद्यासाठी तिने साळगावकर हे घराण्याचे नाव बाजूला ठेवून ‘हंसा वाडकर’ हे नाव घेतले. पुढे ती बॉम्बे टॉकीजमध्ये गेली, प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत सखू’ने तिला घरोघरी पोहोचवले आणि १९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’ने तिला तमाशापटाची पहिली मोठी नायिका बनवले. तमाशापट म्हणजे तमाशाच्या फडाभोवती कथा गुंफलेला, लावणीला केंद्रस्थानी ठेवणारा चित्रपट. मराठी चित्रपटाला पुढची वीस-पंचवीस वर्षे त्या प्रकाराने पोसले, आणि काही अंशी त्याला एकाच जागी खिळवूनही ठेवले. अनंत माने यांचा १९५९ मधील ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात अडीच वर्षे चालला.

त्या चित्रपटाचे नाव हंसाबाईंनी आपल्या आत्मकथनालाही घेतले. हे कथन त्यांनी सांगितले आणि त्या वेळी तरुण पत्रकार असलेल्या अरुण साधू यांनी ते शब्दांकित केले. श्री. ग. माजगावकरांच्या ‘माणूस’ साप्ताहिकात आधी प्रसिद्ध झाल्यावर राजहंस प्रकाशनाने ते पुस्तकरूपाने आणले. मराठीत तोवर नटनट्यांच्या आठवणी पुष्कळ होत्या. त्या बहुधा यशाच्या, गुरुजनांच्या आणि गाजलेल्या प्रयोगांच्या असत. हंसा वाडकरांनी मात्र वडिलांचे व्यसन, लहान वयात झालेले लग्न, आपल्याच कमाईवर चाललेला आणि आपल्यालाच जाब विचारणारा संसार, स्वतःचे मद्यपान, घर सोडून गेल्यावर एका जमीनदाराच्या घरी कोंडल्यासारखी काढलेली वर्षे हे सगळे रडगाणे न करता आणि स्वतःला निर्दोष न ठरवता सांगितले. या पुस्तकाचे मोठेपण त्या सुरात आहे, त्यातल्या धक्कादायक तपशिलात नाही. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या पन्नाशीलाही पोहोचल्या नव्हत्या.

त्याच सुमारास स्मिता पाटील महाविद्यालयात शिकत होत्या. १७ ऑक्टोबर १९५५ रोजी जन्मलेल्या स्मिता यांचे वडील शिवाजीराव पाटील हे शिरपूरचे समाजवादी वळणाचे राजकीय कार्यकर्ते आणि पुढे राज्याचे मंत्री, तर आई विद्याताई परिचारिका व समाजकार्यकर्त्या. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाचा संस्कार मुलीवर झाला. कलापथक म्हणजे गाणी, नाच आणि छोट्या नाट्यप्रवेशांतून सामाजिक विचार गावोगाव नेणारा तरुणांचा संच. हंसाबाईंच्या पिढीत लोकांसमोर उभे राहण्याची किंमत मुलीला प्रतिष्ठेने मोजावी लागे. सेवा दलाच्या घरात तेच काम समाजकार्याचा भाग ठरले होते. दोन स्त्रियांच्या जन्मात बत्तीस वर्षांचे अंतर आहे, आणि त्या बत्तीस वर्षांत मराठी मध्यमवर्गाचे केवढे स्थित्यंतर झाले याचा हा एक पुरावा मानता येईल.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दूरचित्रवाणी त्या वेळी कृष्णधवल होती, कार्यक्रम संध्याकाळचे काही तास चालत आणि प्रक्षेपण मुंबई व तिच्या परिसरापुरते, पुढच्या वर्षी पुण्यापर्यंत, होते. वेंगुर्ल्याच्या प्रेक्षकाला यातले काही दिसणे शक्यच नव्हते. स्मिता पाटील या केंद्रावर मराठी बातम्या देऊ लागल्या. जीन्सवरच घाईघाईने साडी नेसून त्या कॅमेऱ्यापुढे बसत, ही गोष्ट त्यांच्या सहकाऱ्यांनी इतक्यांदा सांगितली आहे की ती आता दंतकथेसारखी झाली आहे. त्या गोष्टीपेक्षा महत्त्वाची आहे ती या कामाने लावलेली शिस्त. वृत्तनिवेदिकेला भावना दाखवण्याची मुभा नसते, हातवारे करता येत नाहीत, शरीराचा वरचा भाग तेवढा दिसतो, आणि तरीही समोरच्या माणसाला धरून ठेवावे लागते ते आवाजाने, नजर कागदावरून उचलण्याच्या क्षणाने आणि दोन वाक्यांमधल्या विरामाने. नाटकाच्या रंगमंचावरून चित्रपटात येणाऱ्या नटाला अभिनय कमी करायला शिकावे लागते. स्मिता पाटील यांची सुरुवातच या कमीपासून झाली. त्यांच्या चेहऱ्याच्या शांततेबद्दल समीक्षकांनी पुढे जे काही लिहिले त्याची तालीम बातम्यांच्या टेबलाशी झाली असावी, असे म्हणण्यास जागा आहे.

श्याम बेनेगल यांनी त्यांना दूरदर्शनवर पाहिले. ‘चरणदास चोर’ या बालचित्रपटात राजकन्येचे छोटे काम देऊन त्यांनी या मुलीची पारख केली, मग १९७५ मध्ये ‘निशांत’ आणि १९७६ मध्ये ‘मंथन’ आला. ‘मंथन’साठी गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. हे चित्रपट ज्या प्रवाहातले त्याला समांतर चित्रपट म्हटले जाते. ठरीव गाणी, मारामाऱ्या व योगायोग टाळून, मर्यादित खर्चात, खऱ्या ठिकाणी चित्रीकरण करून सामाजिक वास्तव मांडणारा, आणि म्हणून चित्रगृह मिळवण्यासाठी नेहमी झगडणारा, असा हा प्रवाह. सावळी, रेखीवपणाच्या हिंदी कल्पनेत न बसणारी नायिका या प्रवाहाला हवीच होती.

‘भूमिका’ करताना स्मिता पाटील बावीस वर्षांच्याही नव्हत्या. हंसा वाडकरांच्या पुस्तकावरून बेनेगल, गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे यांनी पटकथा लिहिली, तिलाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नायिकेचे नाव उषा आणि पडद्यावरचे नाव उर्वशी असे ठेवले. गोविंद निहलानी यांच्या छायाचित्रणात वेगवेगळ्या काळांसाठी वेगवेगळ्या छटा वापरल्या आहेत, कुठे कृष्णधवल, कुठे फिकट रंग, त्यामुळे प्रेक्षकाला त्या काळचा बोलपट पाहिल्याचाही भास होतो. या एका चित्रपटात स्मिता पाटील यांना तीन थरांचे काम होते. शाळकरी वयाची मुलगी ते मुलीचे लग्न झालेली प्रौढ स्त्री हा पहिला थर. दुसरा, पडद्यावरच्या पडद्यात तीस आणि चाळीसच्या दशकांतील नायिकेचा बेतशीर, थोडा कृत्रिम अभिनय. तिसरा सर्वांत कठीण, कारण इतरांनी नेमून दिलेल्या भूमिका घरातही करीत राहणाऱ्या बाईला त्या भूमिकांखाली स्वतःचे असे काही उरले आहे काय, हा प्रश्न एकाही संवादातून न विचारता सुचवायचा होता.

चित्रपटाचा प्रारंभ चित्रीकरणातल्या ठसकेबाज नाचाने होतो आणि लगोलग तीच स्त्री घरी येऊन नवऱ्याशी कडाक्याचे भांडते. नाचात तिचे शरीर लोकांसाठी आहे, घरात तिचे उत्पन्न कुटुंबासाठी. अमोल पालेकर यांनी उभा केलेला केशव दळवी हा नवरा खलनायक नाही, तो तिच्यावर जगणारा आणि त्याची लाज संशयातून बाहेर काढणारा माणूस आहे, आणि म्हणूनच तो जास्त असह्य होतो. पुढे ती अमरीश पुरी यांनी साकारलेल्या काळे या श्रीमंत जमीनदाराच्या वाड्यात त्याची बायको म्हणून राहते. तिथे अंथरुणाला खिळलेली पहिली पत्नी आहे, मूल आहे, सासू आहे, आणि प्रथमच तिला ‘घरंदाज’ म्हणवून घेता येते. डोईवर पदर घेतलेल्या, सुखावलेल्या या उषाला वाड्याबाहेर मुलासह जत्रेला जाण्याची परवानगी नाही हे कळते तो प्रसंग स्मिता पाटील यांच्या आवाक्याची साक्ष आहे. ती सुरुवातीला चिडत नाही, तिला गंमत वाटते, मग नियम खरा आहे हे लक्षात आल्यावर चेहऱ्यावरचे सुख हळूहळू उतरते. सुटकेसाठी तिला पुन्हा त्याच नवऱ्याला बोलवावे लागते. हंसाबाईंच्या कथनातला निर्विकार सूर इथे पडद्यावर येतो, आणि तो आणला आहे पटकथेइतकाच या अभिनेत्रीने.

एक गोष्ट मात्र ‘भूमिका’ने जवळजवळ गाळली. पुस्तकातील मुलूख, तिथली घरे, नाती, बोलण्याची ढब हे हिंदी चित्रपटात सामान्य ‘कोकणी गाव’ होऊन राहिले. ‘कोंडुरा’च्या बाबतीत हे आणखी पुढे गेले. वेंगुर्ले तालुक्यात समुद्रकाठी कोंडुरा नावाचे ठिकाण आहे. खानोलकरांच्या १९६६ मधील कादंबरीत देवचार (गावाची राखण करणारा आत्मा), वरदान आणि अपराध यांचे जे गूढ वातावरण आहे, ते या किनाऱ्याच्या श्रद्धांतून, देवस्कीच्या, म्हणजे देवाच्या कौल-कोपाच्या, व्यवहारातून आलेले आहे. बेनेगल यांनी चित्रपट हिंदी आणि तेलुगू अशा दोन भाषांत केला आणि कथा आंध्रात नेली. तिथे स्मिता पाटील यांनी केलेली पार्वती ही मोठ्या घरची, गरोदर सून आहे, आणि देवाचा आदेश पाळतो आहे असे समजणाऱ्या पुरुषाच्या हातून तिच्या पोटातल्या जिवावर घाला येतो. भूमिका लांबीने लहान, पण या मुलखाच्या साहित्यातील एक कायमची बाब तिच्यातून स्पष्ट होते. गावाच्या, घराण्याच्या आणि देवाच्या नावाने जे काही ठरते ते अखेर बाईच्या शरीरावर ठरते.

बेनेगल यांच्या चित्रपटांबरोबरच स्मिता पाटील मराठीतही होत्या. जब्बार पटेल यांच्या ‘जैत रे जैत’मध्ये त्यांनी ठाकर आदिवासी चिंधी केली, आणि पुढे त्याच दिग्दर्शकाच्या ‘उंबरठा’मध्ये महिलाश्रमाची अधीक्षक सुलभा. तिच्याविषयी स्वतंत्र लेखच हवा.

‘चक्र’कडे वळण्यापूर्वी जयवंत दळवी यांच्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. १४ ऑगस्ट १९२५ रोजी जन्मलेले दळवी आरवलीत वाढले. हे वेतोबा या ग्रामदैवताचे गाव. शेजारच्या शिरोड्यात वि. स. खांडेकर शाळामास्तर होते आणि तिथेच राहून ते दिग्दर्शक मास्टर विनायक यांच्यासाठी चित्रपटकथा लिहीत होते. लीला चिटणीस यांची भूमिका असलेला १९३६ चा ‘छाया’ ही त्यातलीच एक. म्हणजे या तालुक्यातून पडद्यासाठी गोष्टी जाण्याची वाट दळवींच्या आधीच पडली होती. दळवी मुंबईत गेले, वृत्तपत्रांत व नंतर अमेरिकेच्या माहिती खात्यात त्यांनी नोकरी केली, ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ या नावाने साहित्यिकांची टिंगल केली, आणि या हसऱ्या मुखवट्याआडून वेड, वासना, एकाकीपणा आणि म्हातारपण यांवर मराठीतले काही अत्यंत अस्वस्थ करणारे लेखन केले. १९६३ ची ‘चक्र’ ही त्यांची कादंबरी मुंबईतील झोपडपट्टीची. खेड्यातून मुंबईकडे येणाऱ्या माणसाला शहर काय देते, हा प्रश्न चाकरमान्यांच्या गावात वाढलेल्या लेखकाने विचारला, पण स्वतःच्या वर्गाचा चाळीतला माणूस न घेता त्याने सर्वांत तळातली माणसे घेतली.

चित्रपटातील अम्मा नवरा आणि मुलगा यांच्यासह गावाहून पळून आलेली आहे. नवरा मारला जातो, मुलगा बेनवा वस्तीत वाढतो, वस्तीतल्या पोरांना वीरपुरुष वाटणारा लुक्का (नसीरुद्दीन शाह) आजाराने आणि व्यसनाने हळूहळू कुजत जातो, अधूनमधून येणारा एक ट्रकचालक (कुलभूषण खरबंदा) अम्माला आधार देतो. अखेर सारी वस्तीच पाडली जाते, आणि दुसरीकडे तेच पुन्हा सुरू होणार हे शीर्षकानेच सांगितले आहे. अम्माला कोणाची दया नको आहे. ती हिशेबी आहे, चिडकी आहे, तिला सुखाची इच्छा आहे आणि त्या इच्छेची तिला लाज नाही. मध्यमवर्गीय प्रेक्षकाला गरीब बाई सोशीक दिसली की बरे वाटते. स्मिता पाटील यांनी ती सोय दिली नाही. उकिडवे बसणे, भांडी घासताना बोलणे, मुलाला मारता मारता कुशीत घेणे, या साऱ्यात ‘पाहा, कशी गरीब बाई उभी केली’ अशी अभिनेत्रीची जाणीव कुठे डोकावत नाही. १९८१ मध्ये या चित्रपटाला लोकार्नो महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. दिग्दर्शक रवींद्र धर्मराज यांचे त्याच वर्षी निधन झाले, आणि पहिला चित्रपट हाच त्यांचा अखेरचा ठरला.

चित्रपटात वस्तीतल्या उघड्या नळावर अम्मा आंघोळ करते असे दृश्य आहे. घरात न्हाणी नसलेल्या लाखो बायकांचे ते रोजचे वास्तव होते आणि पडद्यावर ते तसेच येते. जाहिरात करणाऱ्यांनी मात्र तेच दृश्य मोठमोठ्या फलकांवर लावले. जी बाई चित्रपटात कोणासाठी सजत नाही तिला रस्त्यावर सजावटीसारखे टांगले गेले, आणि स्मिता पाटील यांनी याबद्दलची नाराजी पुढे मुलाखतींत व्यक्त केली. ‘भूमिका’तील उर्वशीला जे भोगावे लागले, त्याचीच ही आवृत्ती होती, एवढाच फरक की ही पटकथेबाहेर घडली.

दळवींच्या लेखनाने केवळ एका अभिनेत्रीला वाव दिला असे नाही, आणि या ठिकाणी किंचित आडवाटेला जाण्यास हरकत नसावी. ‘संध्याछाया’तील नानी आणि ‘बॅरिस्टर’मधील मावशी विजया मेहता यांनी रंगभूमीवर केल्या. ‘बॅरिस्टर’वरून त्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘रावसाहेब’ या हिंदी चित्रपटातील त्याच भूमिकेला सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘पुरुष’ नाटकातील अंबिका रीमा यांनी केली. बलात्कारानंतर सूड घेणारी ही शिक्षिका साकारणारी अभिनेत्री पुढे हिंदी चित्रपटांत नायकाची सोज्वळ आई आणि दूरचित्रवाणीवर ‘तू तू मैं मैं’मधील खाष्ट सासू म्हणून देशभर पोहोचली, आणि रंगभूमीवरचे तिचे धगधगते काम मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात तेवढे राहिले. ‘दुर्गी’ या दळवींच्या नाटकावरील ‘उत्तरायण’मध्ये नीना कुळकर्णी होत्या. आरवलीच्या एका लेखकाच्या खात्यावर स्त्रियांच्या इतक्या मोठ्या भूमिका जमा असताना, सिंधुदुर्गाच्या पर्यटन-पत्रकांत मासळी आणि समुद्रच तेवढे का असतात, हा प्रश्न त्या पत्रकांच्या लेखकांनी स्वतःला विचारावा.

‘चक्र’नंतरची पाच-सहा वर्षे स्मिता पाटील यांनी जवळजवळ धावतच काढली. सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेल्या ‘सद्गती’त त्या दुखी चांभाराची बायको झाल्या, आणि बातम्या देणारा चेहरा अभिनेत्री म्हणून त्या माध्यमात परतला. मृणाल सेन यांच्या ‘आकालेर संधाने’मध्ये, केतन मेहता यांच्या ‘भवनी भवाई’मध्ये, महेश भट्ट यांच्या ‘अर्थ’मध्ये त्या होत्या, आणि १९८२ मध्ये ‘नमक हलाल’ व ‘शक्ती’ यांत अमिताभ बच्चन यांच्या नायिकाही. व्यावसायिक चित्रपटांतील पावसातल्या गाण्यांबद्दल त्यांच्यावर त्या वेळी टीका झाली. ती काहीशी अन्यायाची होती, कारण समांतर चित्रपट नटाला नाव देत असला तरी प्रेक्षक देत नव्हता, आणि मोठ्या चित्रपटांत दिसलेला चेहरा पाहूनच काही प्रेक्षक लहान चित्रपटाकडे वळत असत. तरीही हे मान्य करावे लागते की त्या चित्रपटांपैकी बहुतेकांत त्यांच्या जागी दुसरी कोणतीही नायिका चालली असती. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १३ डिसेंबर १९८६ रोजी, मुलाच्या जन्मानंतर पंधरवड्यात, बाळंतपणातील गुंतागुंतीमुळे मुंबईत त्यांचा मृत्यू झाला. वय एकतीस. ‘मिर्च मसाला’ त्यांच्यामागे, १९८७ मध्ये प्रदर्शित झाला.

‘भूमिका’, ‘कोंडुरा’ आणि ‘चक्र’ या तिन्ही चित्रपटांत दक्षिण कोकणाची भाषा नाही. या पट्ट्याची बोली मालवणी. तिला मुंबईच्या रंगभूमीवर मानाची जागा मिळवून दिली ती मच्छिंद्र कांबळी यांच्या ‘वस्त्रहरण’ने, आणि दूरचित्रवाणीच्या मालिकेत तिचा ठळक वावर सुरू झाला तो २०१६ मध्ये, आकेरी येथे चित्रित झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’पासून. त्या मालिकेत शकुंतला नरे यांनी केलेली माई, आणि दुसऱ्या पर्वात अपूर्वा नेमळेकर यांनी केलेली शेवंता, या दोघी घराघरांत पोहोचल्या. वाड्यात कोंडलेली, घर एकटीने ओढणारी पत्नी आणि वाड्याबाहेर ठेवलेली बाई, ही जोडी दळवी-खानोलकरांच्या वाचकाला अनोळखी नव्हती. मालिकेने ती भुताखेतांच्या गोष्टीत घातली आणि लोकप्रियतेच्या हिशेबाने ताणली. बोली आली, पण लेखनातला तो कठोर संयम आला नाही. जिथे संयम होता तिथे बोली नव्हती. मालवणी बोलणारी अम्मा किंवा सावंतवाडीच्या सुरात बोलणारी उषा अजून पडद्यावर यायची आहे, आणि ती आणण्याइतक्या समर्थ अभिनेत्री आज सिंधुदुर्गातल्या एकांकिका-स्पर्धांतही सापडतील.

तोवर वाचकाने एक करावे. ‘सांगत्ये ऐका’ आणि ‘चक्र’ ही दोन पुस्तके आधी वाचावीत आणि चित्रपट नंतर पाहावेत. उलट क्रमाने गेल्यास हंसा वाडकर आणि अम्मा या दोघींनाही स्मिता पाटील यांचाच चेहरा येतो आणि तो पुसता येत नाही.